सुवर्ण गुणोत्तराच्या आरशातील संख्या

‘नवजीवन’ हा शब्द उलट वाचला तरी ‘नवजीवन’च राहतो. हाच गुण काही संख्यांच्याही अंगी असतो. मात्र तो दिसण्यासाठी कधी कधी संख्या लिहिण्याची रीत बदलावी लागते.

आपण दहाच्या घातांनी संख्या लिहितो, संगणक दोनाच्या. परंतु पाया पूर्णांकच का असावा? १९५७ मध्ये जॉर्ज बर्गमन या अमेरिकन शाळकरी मुलाने सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे (१ + √५)/२, ही अपरिमेय संख्या पाया धरून नवी पद्धती ‘मॅथेमॅटिक्स मॅगझीन’मध्ये मांडली. तीत ० आणि १ हे दोनच अंक पुरतात.

या पद्धतीत ३ ही संख्या १००.०१ अशी, ७ ही १००००.०००१ अशी आणि १८ ही १००००००.०००००१ अशी लिहितात. मधले चिन्ह वगळले की प्रत्येक संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाते. कारण सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग (३ + √५)/२ आणि त्या वर्गाचा व्यस्त (३ − √५)/२. बेरजेत √५ नाहीसे होते व नेमके ३ उरतात.

केवळ परंपरा आहे म्हणून काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही गणिताच्या तासालाही लागू मानतो. ‘गणित तुमच्या मुलांचे काम नाही’ हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. पालकांनी आपल्या मुलामुलींना ४७ ही संख्या याच रीतीने लिहावयास सांगावी. पाया विचारण्याचा अधिकार त्यांचाही आहे.