शब्द ग्रंथकाराचे, अर्थ कोणाचा?

काव्याचा अर्थ कवीनें ठरवावा कीं वाचकानें, हा वाद विद्यार्थ्यांत वरचेवर निघतो. त्याचें उत्तर शोधावयास फार दूर जाणें नको. गोदातीरच्या आपल्या पैठणांतच तें सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्यें, नेवासें येथें सिद्ध झाली. पुढें सुमारें तीनशें वर्षें तिच्या नकलांवरून नकला होत गेल्या व पाठ बिघडले. शके 1506 मध्यें, म्हणजे इ. स. 1584 मध्यें, एकनाथमहाराजांनीं तो ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढें कोणी त्यांत पदरची ओवी घालूं नये असें निक्षून बजाविलें. अशी ओवी म्हणजे अमृताच्या ताटांत ठेवलेली नरोटी, असा त्यांचा दृष्टांत आहे. नाथ स्वतः थोर कवि; ओवी रचणें त्यांस काय कठीण होतें? परंतु वाचक या नात्यानें त्यांनीं दुसऱ्याच्या शब्दाला धक्का लाविला नाहीं.

आतां याच नाथांचें भारूड पाहा. सासुरवासाला त्रासलेली एक सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचें पोर, इतकेंच काय, नवरादेखील नकोसा झाला आहे. शेवटीं ती मागते तें एकटेपण. मुलें हें ऐकून पोट धरून हंसतात. श्रोत्यांतल्या एखाद्या सुनेच्या डोळ्यांस मात्र पाणी येतें. आणि ज्यानें संसाराचे पाश ओळखिले आहेत, त्यास हीं नातीं म्हणजे मनाला जखडणाऱ्या बेड्या दिसूं लागतात. नाथांनीं तिघांसाठीं तीन भारुडें रचिलीं नाहींत. शब्द तेच, प्रत्येकानें आपलें आयुष्य त्यांत ओतिलें. संस्कृत पंडितांनीं अशा श्रोत्यास ‘सहृदय’ असें सुंदर नांव दिलें आहे. (परीक्षेच्या आदल्या रात्रीं तयार अर्थ पाठ करणाऱ्यास तें कितपत शोभेल, हें ज्याचें त्यानें पाहावें!)

मग वाटेल तो अर्थ करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हें भारूड केवळ सासूची निंदा आहे असें कोणी म्हटल्यास त्यास विचारावें कीं, मग अखेरीस सगळींच माणसें कां जावींत? तो शेवटचा चरण वगळल्यावांचून तसा अर्थ लागत नाहीं, आणि चरण वगळणें म्हणजे पुन्हां ती नरोटीच.

याउलट, शब्द जसेच्या तसे ठेवूनही वाचक कवीच्या कल्पनेपलीकडे जाऊं शकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणीं आलों असें म्हणत. तुकोबांस ही वाट ठाऊक नव्हती. परंतु टिळकांनीं अभंगांतील एक अक्षरही बदललें नव्हतें.

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास नाथांची यात्रा भरते. त्या दिवसांत भारूड कानीं पडल्यास घरीं येऊन आजीला तिचा अर्थ विचारावा, आईलाही विचारावा, आणि तिघांचे अर्थ ताडून पाहतांना तो शेवटचा चरण जवळ ठेवावा.