दातावरची डागडुजी किती वर्षे टिकते?

आमच्या शाळेतील एक मुलगी तीन वर्षांपूर्वी लंगडी खेळताना पायरीवर पडली व तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. पुढे दोन महिने ती तोंडावर हात धरूनच बोलत असे. उत्तर येत असूनही वर्गात मान खाली! अखेर वडिलांनी शहरातील दंतवैद्यांकडून दात पूर्ववत करून आणला आणि मुलगी पुन्हा हसू लागली. परंतु दीड वर्षातच पेरू खाताना तो तुकडा सुटला. वडील आम्हांकडे येऊन म्हणाले, "सर, आमची फसवणूक झाली की हो!" फसवणूक झाली होती की आपणा सर्वांचीच माहिती अपुरी होती, याचा शोध घेताना जे आम्हांस समजले, ते येथे मांडीत आहोत.

या उपचारास बाँडिंग म्हणतात. त्यात वापरावयाचे द्रव्य कांपोझिट, म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ व तीत मिसळलेली काचेची अतिसूक्ष्म पूड. दात ओला व गुळगुळीत. त्यावर काही चिकटावे कसे? रंग धातूवर नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूस आधी फॉस्फरिक आम्ल लावीत. ते ध्यानी घेऊन अमेरिकेत रोचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या वेष्टनास, म्हणजे एनॅमलला, ८५ टक्के आम्ल ३० सेकंद लावून पाहिले व १९५५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे राफेल बोवेन यांनी टिकाऊ राळ तयार केली. तिचे पेटंट १९६२ सालचे. आज आम्ल बहुधा ३७ टक्क्यांच्या आसपास असते.

गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आधी ते टोचून खडबडीत करतो. येथेही तेच. आम्लाने एनॅमलवर डोळ्यांस न दिसणारी छिद्रे पडतात, पातळ राळ त्यांत शिरते व निळ्या प्रकाशाखाली घट्ट होते. हा प्रकाश फार खोल पोचत नाही, म्हणून कांपोझिट सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनीच चढवावे लागते. घाई केली की आतला भाग कच्चा राहतो. आम्ल धुतल्यावर लाळेचा स्पर्श झाला तरी पकड बिघडते.

आता मूळ प्रश्न. असे काम साधारणपणे तीन ते दहा वर्षे टिकते. एवढा फरक का? पहिले कारण दातातच आहे. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, त्यावर पकड उत्तम बसते. त्याखालच्या डेंटीनमध्ये पाणी व कोलॅजनचे तंतू असतात. तेथली पकड काळाने सैल होत जाते. म्हणून एनॅमलवरची लहान डागडुजी पुष्कळ टिकते. अर्धा दात उभारला असेल, तर त्यावर चावण्याचा भार अधिक व भरवसा कमी. दुसरे असे की घट्ट होताना कांपोझिट किंचित आकसते. त्यामुळे कडेला केसाएवढी फट राहिली, तर तीत चहाचा रंग मुरतो व काळसर रेघ दिसू लागते.

बाकीचे आपल्या हाती, खरे तर आपल्या दाती! दाताने दोरा तोडणे, बाटलीचे बूच उघडणे, सुपारी फोडणे, ऊस सोलणे हे कांपोझिटास सोसत नाही. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्री लावावयाची पट्टी दंतवैद्यांकडून करून घ्यावी. हळद, चहा, पान यांचा रंग एनॅमलपेक्षा कांपोझिटावर लवकर चढतो. आमच्याकडील वडीलधाऱ्या बायकांची मिश्री तर दुहेरी घात करते. रंगही चढवते व झिजवतेही. तिचे इतर अपाय हा वेगळाच विषय.

लग्नापूर्वी दात पांढरे करून घेणाऱ्यांनी एक क्रम पाळावा. पांढरे करण्याचे औषध कांपोझिटाचा रंग बदलत नाही, म्हणून आधी दात पांढरे करावेत व सुमारे दोन आठवडे थांबून मग बाँडिंग करावे. औषधातील उरलेला प्राणवायू राळेस नीट घट्ट होऊ देत नाही.

चिनी मातीचे आवरण, ज्यास व्हेनियर म्हणतात, दहा-पंधरा वर्षे चालते. पण त्यासाठी बहुधा एनॅमल घासावे लागते व ते पुन्हा येत नाही. शाळकरी मुलांना बाँडिंगच बरे, असे आमचे मत. त्यात दात फारसा कापावा लागत नाही, आणि टवका उडाला तर तेवढीच भर घालता येते. शिवाय दात मोडताच तुकडा शोधून दुधात वा पाण्यात ठेवून तत्काळ न्यावा. पुष्कळदा तोच परत चिकटविता येतो. आम्हांस हे त्या दिवशी ठाऊक असते, तर मैदानावर आम्ही सर्वांना शोधायला लावले असते.

त्या मुलीचा दात पुन्हा बसविला आहे. या खेपेस वडिलांनी आधीच विचारले, "किती वर्षे?" उत्तर मिळाले, "जपल्यास पाच-सात. पुढे पुन्हा यावे लागेल." आता पेरू चिरून खाल्ला जातो. पेन्सिल चावण्याची सवय मात्र अद्याप गेलेली नाही.