खर्ज मोबाइलमध्ये मावत नाही

प्रश्न : मी खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात मोठा टीव्ही आहे, इंटरनेट आहे. पोवाडा, ख्याल, भरतनाट्यम, हवं ते मुलांना दाखवता येतं. तरीही कलावंतांना प्रत्यक्ष शाळेत बोलवा, असा आग्रह सगळीकडून होतो. जे पडद्यावर फुकट आणि स्वच्छ दिसतं, त्यासाठी एवढी यातायात कशाला करायची?
(एक शिक्षिका, खटाव तालुका)

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तंबोऱ्यापासून सुरू करतो.

तंबोऱ्याला चार तारा असतात. त्यांतली शेवटची, सगळ्यांत जाड तार खर्जाची. पुरुष गायकानं काळी एकला लावलेल्या तंबोऱ्यात ही तार सेकंदाला साधारण ७० वेळा थरथरते. एवढा खोल सूर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला जवळपास काढताच येत नाही, आणि टीव्हीतून येतो तोही क्षीण. वरच्या सुरांवरून आपला कान अंदाज बांधतो आणि खर्ज ऐकल्यासारखं वाटतं, इतकंच. आता तोच तंबोरा वर्गात आणा आणि एखाद्या मुलीला भोपळ्यावर तळहात टेकवायला सांगा. सूर आधी तिच्या हाताला कळेल, मग कानाला. पाठ्यपुस्तकात ‘ध्वनी म्हणजे कंपन’ हे वाक्य तिनं पाठ केलेलं असतं. त्या वाक्याचा अर्थ तिला त्या क्षणी लागतो.

हे झालं वाद्याचं. माणसाचं त्याहून वेगळं. पडद्यावरच्या शाहिराला तुमचा वर्ग दिसत नाही. वर्गात उभा असलेला शाहीर मुलांचे डोळे बघत असतो. मागच्या रांगेतली मुलं चुळबुळ करू लागली की तो डफावरची थाप बदलतो, चार पावलं पुढे येतो आणि पोरांनाच झीलकरी करून ‘जी जी’ म्हणायला लावतो. आपल्या आवाजावाचून हे गाणं पुरं होत नाही, हे मुलाला उमगतं. पडद्यासमोर बसलेलं मूल असलं काय आणि नसलं काय, गाण्याला फरक पडत नाही.

अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हाच प्रश्न तपासून पाहिला आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. कोणत्या विद्यार्थ्यांना नाट्यगृहात नेऊन नाटक दाखवायचं हे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. प्रत्यक्ष नाटक पाहिलेल्या मुलांना कथानक आणि त्यातले शब्द अधिक कळले होते, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखण्यातही ती पुढे होती. नुसतं पुस्तक वाचून किंवा त्याच कथेवरचा सिनेमा बघून हा फरक पडत नव्हता.

पण मला याहून मोलाचा वाटतो तो आपल्या भागाचा इतिहास. १८४२ मध्ये उत्तर कानडातली ‘भागवत’ खेळ करणारी मंडळी सांगलीत आली. संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे या तरुणाला तसाच खेळ मराठीत उभा करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ झालं. सूत्रधार पदं गातो, पात्रं आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलतात, राक्षस आरोळ्या ठोकत येतात, असा तो खेळ होता. अप्पासाहेब १८५१ मध्ये वारले तेव्हा भावे आपला संच घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत प्रयोग केले. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे : परक्या मुलखातली एक मंडळी आपल्या गावात येऊन खेळली, आणि ती समोर बसून पाहणारा एक तरुण इथे होता.

पलुसकरांचंही तसंच. विष्णु दिगंबर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचं शिक्षण थांबलं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बुवांच्या समोर बसून, ऐकून ऐकून हा मुलगा गवई झाला. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्याच्या चार भिंतींतलं गाणं सर्वसामान्यांच्या मुलांसाठी खुलं केलं. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आज मिरजेतच आहे. गाण्याच्या परीक्षा देणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनींच्या प्रमाणपत्रावर ते नाव असेल. त्या कागदामागे डोळे दुखावलेल्या एका मुलाचं प्रत्यक्ष ऐकणं आहे, हे त्यांना जरूर सांगा.

आणि तुम्ही तर खटावच्या. औंध तुमच्याच तालुक्यात आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तनाला उभे राहत. अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव आजही अश्विन वद्य पंचमीला औंधातच होतो. देशातले नामवंत कलावंत त्या गावात येऊन गातात. तुमच्या शाळेतल्या मुलांनी तिथे एकदा जाऊन पुढे बसायला हवं.

दिल्लीच्या आयआयटीत शिकवणारे किरण सेठ यांनी १९७७ मध्ये स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली ती याच ओढीनं. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना त्यांनी समोर बसून ध्रुपद ऐकलं होतं. चळवळ सुरू झाल्यापासून देशभरच्या शाळा-कॉलेजांत कलावंत येतात, गातात-नाचतात आणि मधेच थांबून मुलांना आपली कला उलगडून दाखवतात. सातारा-सांगलीत मात्र मुलांसाठी हे काम पूर्वी जत्रा करत असे. पालीच्या खंडोबाला वाघ्या-मुरळी, आरेवाडीच्या बिरोबाला धनगरी ओव्या आणि ढोल, गावच्या यात्रेत तमाशा, देवळात कीर्तन. मुलं आपसूक पुढची जागा पकडायची. आता यात्रेच्या रात्री स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि पुढच्या जागेवरून कानठळ्यांखेरीज काही मिळत नाही. मुलांची ती हक्काची पुढची जागा आता शाळेनं राखायची आहे. तुमचा टीव्ही जरूर वापरा : कलावंत येण्याआधी कुतूहल चाळवायला आणि तो गेल्यावर आठवण ताजी करायला. मधला तास मात्र माणसाचाच हवा.

प्रश्न : आमच्या शाळेत हलगी आणि तमाशातली गौळण ठेवायचं ठरलं तेव्हा काही पालक नाराज झाले. शाळेत तमाशा शोभतो का, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रीय संगीत ठेवलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. त्यांना काय सांगावं?
(एक पालक, वाळवा तालुका)

उत्तर : त्यांना आधी तुमच्याच तालुक्यातली दोन गावं सांगा. रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. कुलकर्ण्यांच्या घरातला हा श्रीधर तमाशाच्या ओढीनं घरदार आणि जातीची प्रतिष्ठा सोडून फडावर गेला. वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचं गाव. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं आणि तमाशाच्या वगाला लोकनाट्याचं रूप देऊन कामगारांचे प्रश्न मांडले. शाळेत या दोघांचे फोटो लावायचे, जयंतीला भाषणं करायची, आणि ज्या कलेनं त्यांना घडवलं तिला फाटकाबाहेर ठेवायचं, हे बरोबर दिसत नाही.

दुसरी गोष्ट सत्यशोधकांची. महात्मा फुले यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार गावागावांत नेला तो जलशांनी. जलसा म्हणजे तमाशाचाच घाट. पण त्यात सावकारी, दारू आणि अंधश्रद्धा यांवर कोरडे ओढले जात आणि पोरांना शाळेत घाला असं विनवलं जाई. याच सत्यशोधकी वातावरणात वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेचा रस्ता दाखवणाऱ्यांत ढोलकी आणि तुणतुणंही होतं. त्यांना आज शाळेत यायला मज्जाव कसा करायचा?

मुलांच्या वयाला काय साजेल याचा विचार मात्र करायलाच हवा, आणि तो अवघड नाही. तमाशाला एक क्रम असतो : गण, गौळण, बतावणी, लावणी, वग. शाळेसाठी गण घ्यावा, गौळणीतला पेंद्या आणि मावशी घ्यावी, बतावणीतली हजरजबाबी सवाल-जबाबांची झटापट घ्यावी, वगातला एखादा प्रवेश घ्यावा. कलावंतांना आधी भेटून हे मोकळेपणानं सांगावं. फडावर कुठल्या प्रेक्षकांपुढे काय करायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता हलगीबद्दल. आपल्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरी खुंटीला हलगी टांगलेली आहे, संबळ आहे, गजीचा ढोल आहे. त्या वाद्यावरून जात ओळखली जाते म्हणून ते मूल घरचं वाद्य शाळेत लपवतं. ज्या दिवशी त्याचे आजोबा पाहुणे म्हणून शाळेत येतात, सर उठून त्यांना नमस्कार करतात, आणि शंभर मुलं श्वास रोखून त्यांच्या हातातल्या दोन काड्यांकडे बघतात, त्या दिवशी त्या मुलाच्या मनातलं ओझं उतरतं. शास्त्रीय संगीत शाळेत यावंच, पण हे काम त्याच्या हातून होणार नाही. ते हलगीच करू जाणे. पालकांना शाळेत बोलवा आणि मुलांच्या मागे बसवून कार्यक्रम दाखवा. बरीच नाराजी तिथेच मावळेल.

प्रश्न : पटलं, पण जमवायचं कसं? आमची शाळा लहान, पैसा तुटपुंजा, आणि वेळापत्रकात जागा नाही.
(एक मुख्याध्यापक, जत तालुका)

उत्तर : सर, वेळापत्रकापासून सुरुवात करू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ६वी ते ८वीच्या मुलांसाठी १० दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत आणि त्या दिवसांत स्थानिक कारागीर-कलावंतांकडे शिकावं असं म्हटलं आहे. परवानगीचं पत्र लिहिताना याचा आधार घ्या.

दिवस निवडताना कलावंताचं वर्ष बघा. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत राहतात. चैत्र-वैशाखात यात्रांमुळे गोंधळी, वाघ्ये, हलगीवाले कुणालाच उसंत नसते. जुलै ते सप्टेंबर हे त्यांचे रिकामे आणि ओढगस्तीचे महिने, आणि शाळेचे नेमके भरात आलेले. त्या दिवसांत बोलावलं तर त्यांनाही आधार होतो. पावसाळी हवेत हलगीचं चामडं सादळतं आणि आवाज बसतो, म्हणून शेगडीची सोय ठेवा. वादक हलगी शेकताना मुलांना जवळून बघू द्या. चामडं तापून ताणलं की आवाज कसा चढतो, हा विज्ञानाचा तास आयताच होऊन जाईल.

पैशासाठी केंद्रातल्या चार-पाच शाळांनी एकत्र यावं. एकच संच सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या शाळेत जाऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवा, गावातून वर्गणी काढा. पण शाल-श्रीफळावर कलावंताची बोळवण करू नका. ठरलेलं मानधन, येण्या-जाण्याचा खर्च आणि पोटभर जेवण एवढं द्यायलाच हवं. कलावंताचे श्रम फुकट घेऊन मुलांना कलेचा आदर शिकवता येत नाही.

कलावंत लांबून आणायची गरज नाही. तुमच्या जत तालुक्यात गजी ढोलाचे संच आहेत. हातातले रुमाल उडवत ढोल-कैताळाच्या तालावर रिंगण धरणारी ती माणसं तुमच्याच विद्यार्थ्यांचे काका-मामा असतील. तंबोरा बघायचा तर मिरज तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यापासून वाद्य घडवणाऱ्या सतारमेकरांच्या गल्लीत सहावीचा एक वर्ग नेला तरी वर्षभर पुरेल एवढं शिकणं होईल.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. ऐंशी-शंभर मुलांहून जास्त एका वेळी बसवू नका. माइक लावू नका. व्यासपीठ नको, कलावंत आणि मुलं एकाच सतरंजीवर असावीत, आणि सगळ्यांत लहान वर्ग पुढे. चाळीस मिनिटं पुरेत. पाहुण्यांची भाषणं, हार-तुरे, फोटोसाठीची थांबाथांब यात त्यातली वीस जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना पाहिलेलं करून बघू द्या. निबंध मात्र लिहायला लावू नका.

शेवटची दहा मिनिटं मुलांच्या हाती द्या. तंबोरा आला असेल तर गायकाला जवारी लावून दाखवायची विनंती करा. तारेखाली घोडीवर एक सुती दोरा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की बोदी वाटणारी तार एकाएकी झणकारून उठते. ती जागा नेमकी कुठे आहे हे आधी सांगता येत नाही, कान देऊन शोधावी लागते. एखाद्या मुलीला तो दोरा स्वतः सरकवू द्या. वेळ लागला तरी घंटा देऊ नका.