चिलिकाचे पाणी खारे की गोडे?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही ओडिशातील चिलिका सरोवर पाहिले. पाणी चांगलेच खारट होते आणि पक्षी मोजकेच दिसले. शेजारचे काका ऑगस्टमध्ये जाऊन आले. त्यांच्या मते पाणी जवळपास गोडे होते आणि नळबन बेट कुठे दिसलेच नाही. खरे काय? पक्षी पाहायला कधी जावे?

उत्तर : तुमचेही खरे आणि काकांचेही. चिलिका हे खारकच्छ आहे. वाळूच्या लांबलचक दांड्याने ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले असले, तरी दांड्यातील मुखातून भरतीचे पाणी आत येते. दुसरीकडून दया, भार्गवी या महानदीच्या शाखा गोडे पाणी आणतात. पावसाळ्यात नद्यांचा जोर असतो, म्हणून पाणी गोडावते. उन्हाळ्यात नद्या आटतात, बाष्पीभवन वाढते आणि खारेपणा चढतो. एरवी पाणी बहुतांशी मचूळच.

नळबनचे कोडेही इथेच सुटते. हे बेट इतके सखल आहे, की पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते. पाणी ओसरले की चिखल आणि उथळ डबकी उघडी पडतात. त्यांत पाणवनस्पती, किडे, शिंपले असे भरपूर खाद्य असते. नेमके तेव्हाच उत्तरेकडून तलवार बदके, पट्टकादंब, मालगुजे येतात आणि उन्हाळा लागताच परततात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मासळीसाठी समुद्राची वाट बंद करून सरोवर गोडेच ठेवावे, असे काहींना वाटते. ते चुकीचे आहे. इथली बरीच मासळी आणि कोळंबी समुद्रात जन्मते व वाढायला आत येते. गाळाने मुख आक्रसले, तेव्हा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासेमारांच्या जाळ्यात मासळी येईना. 1981 मध्ये रामसर यादीत आलेले चिलिका 1993 मध्ये धोक्यातील पाणथळींच्या नोंदीत गेले. सप्टेंबर 2000 मध्ये नवे मुख खोदल्यावर मासळी पुन्हा वाढली आणि 2002 मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडले.

आता जायचे कुठे? नळबन अभयारण्य आहे, तिथे उतरू देत नाहीत. पक्षी दुरूनच पाहावेत. जवळून पाहायचे तर उत्तर काठावरचे मंगळाजोडी गाठा. तिथे बांबूने रेटत नेलेल्या होडीतून मालगुजा आपली लांब, सरळ चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसताना दिसतो. होडीतले वाटाडे पक्ष्याची जात लांबूनच ओळखतात. त्यांतले काही जण पूर्वी पक्ष्यांची शिकार करीत.

इरावडी डॉल्फिनसाठी सातपाड्याहून निघा. ते उंच उड्या मारतील, अशी अपेक्षा नको. बहुधा पाठच क्षणभर वर येते. नावाड्याला पाठलाग करायला सांगू नका. इंजिन बंद करून थांबलात, तर डॉल्फिनला त्रास होत नाही आणि त्याचा श्वास सोडल्याचा आवाजही ऐकू येतो.