खाली बसलं, तरी उठायला हवं

शंका : मंचुरियनसाठी कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवताना चमचा हळू फिरवला तर मिश्रण सैल वाटतं, जोरात फिरवला की चमचाच अडकतो. पिठात भेसळ आहे का? (एक गृहिणी, सांगली)

समाधान : पीठ चांगलं आहे. मक्याचा स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही. त्याचे साधारण १५ मायक्रॉनचे कण पाण्यात नुसते पसरतात. अशा मिश्रणाचं गणित आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये मांडलं आणि त्यातली चूक १९११ मध्ये सुधारली. घनफळाने शंभरात एक भाग कण असले, तर दाटपणा (श्यानता) अडीच टक्क्यांनी वाढतो. पण हा हिशेब कण एकमेकांपासून लांब असतील तोवरचा. तुमच्या वाटीत जवळपास निम्मी जागा कणांनीच अडवली आहे. एस.टी.च्या दारातली गर्दी आठवा : सावकाश चढली तर सगळे आत जातात, रेटारेटी केली की दारच तुंबतं. हळू ढवळताना दोन कणांमधला पाण्याचा पातळ थर वंगणाचं काम करतो. जोर लावला की तो पिळून निघतो, कण कणावर घासतो आणि सगळे एकमेकांत अडकतात. हात थांबवा, चमचा आपोआप सुटेल.

शंका : नातवाच्या तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या पाहिल्या. एकीत तासाभरात गाळ बसतो, पण हलवली की लगेच मिसळतो. दुसरी आठवडाभर एकसारखी दिसली. आता मात्र तळाशी घट्ट थर आहे. पहिलं औषध हलक्या प्रतीचं का? (एक आजोबा, नाशिक)

समाधान : उलट, पहिलं औषध विचारपूर्वक बनवलेलं असण्याची शक्यता अधिक. त्यातले कण मुद्दाम सैल पुंजक्यांत ठेवलेले असतात. स्टोक्स यांच्या नियमानुसार कणाचा व्यास दुप्पट झाला की खाली बसण्याचा वेग चौपट होतो, म्हणून पुंजके भराभर बसतात. पण कापसासारखे भुसभुशीत बसतात, आत पाणी धरून. म्हणून हलवताच उठतात. दुसऱ्या बाटलीत कण सुटे आहेत. ते सावकाश उतरतात, एकमेकांच्या फटीत शिरतात आणि तळाशी त्यांची ढेप होते. टिकाऊ मिश्रण म्हणजे कधीच न बसणारं नव्हे; बसलं तरी उठणारं. डोस देण्याआधी प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा, नाहीतर सुरुवातीच्या चमच्यांत औषध कमी आणि शेवटच्यांत जास्त जाईल. हलवूनही थर सुटत नसेल, तर ती बाटली वापरू नका, औषधविक्रेत्याला दाखवा.

शंका : साच्यात ओतायची स्लिप (माती-पाण्याचं मिश्रण) दाट झाली म्हणून पाणी घातलं, तर कप वाळताना तडकले. सोडियम सिलिकेट घातलं, तर आधी पातळ झाली आणि आणखी घालताच पुन्हा दाट. नेमकं करायचं काय? (एक सिरॅमिक कारागीर, भद्रावती)

समाधान : पाणी वाढलं की प्लास्टरचा साचा लवकर भिजतो, कप जास्त आक्रसतो आणि तडकतो. पाणी न वाढवता वाहतेपणा आणायचा, तर मातीच्या कणांचं आपसांतलं नातं बदलावं लागतं. हे कण पत्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्या पृष्ठावर ऋण भार असतो, कडांवर धन असू शकतो. मग कड पृष्ठाला चिकटते, पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि त्याच्या खोल्यांत पाणी अडकतं. सोडियम सिलिकेट कडांचा भार फिरवतं आणि कणांना जोडून ठेवणारं कॅल्शियम बाजूला करतं. सगळे कण एकमेकांना दूर लोटू लागले की बंगला कोसळतो, पाणी मोकळं होतं. पण मात्रा ओलांडली, तर सोडियमचे आयनच ही ढकलाढकल झाकून टाकतात आणि कण पुन्हा जवळ येतात.

कोरड्या मातीच्या ०.३ ते ०.५ टक्के, म्हणजे १०० किलोला ३०० ते ५०० ग्रॅम, हा नेहमीचा अंदाज. आधी निम्मी मात्रा द्या, मग थोडी थोडी वाढवत ढवळून पाहा. साच्यातली कात्रणं परत मिसळत असाल, तर प्लास्टरचं कॅल्शियमही सोबत येतं आणि स्लिप दाटते, हे लक्षात ठेवा. आणि अगदी पाण्यासारखी होईपर्यंत थांबू नका. पूर्ण सुटे झालेले कण पिंपाच्या तळाशी त्या आजोबांच्या दुसऱ्या बाटलीसारखेच घट्ट बसतील. स्लिप स्थिर ठेवल्यावर किंचित दाटावी आणि ढवळताच सैल व्हावी, इतकी ओढ कणांत शिल्लक राहू द्या.