आजींचे वीस रुपये

पाड्यावरील एका आजींच्या पासबुकातून दर मेअखेरीस 20 रुपये कापले जात. "माझा विमा हाय," त्या सांगत. तापाने त्या गेल्या आणि मुलगा पासबुक घेऊन माझ्याकडे आला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख अपघाती मृत्यूला किंवा अपघातातून आलेल्या पूर्ण अपंगत्वालाच मिळतात, तेही सत्तरीपर्यंतच. फॉर्म मीच भरला होता. हे समजावले नव्हते.

आता घरभेटीत आधी आधारवरचे वय पाहतो. 70 पूर्ण असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड काढतो: उत्पन्नाची अट नाही, रुग्णालयात वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. प्रतिज्ञापत्र लागले आणि म्हाताऱ्यांना चालवत नसेल, तर नोटरींनाच पाड्यावर आणतो. अंगठ्याआधी कागद त्यांच्या बोलीत वाचून दाखवायला तुमच्यापैकी कोणी येईल का?