पातळ तळाचे बूट : घाई नको

चिखल, भिंती, दोरखंड ओलांडत धावण्याच्या अडथळा-शर्यतींसाठी काही तरुण पातळ तळाचे, टाचेला उंची नसलेले बूट घेतात. त्यात जमीन पायाला कळते, तोल साधतो. मात्र जाड गादी नसल्याने पोटरी, टाचेमागची शीर व पंजाची लांब हाडे यांवर जादा ताण येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, असे बूट नव्याने वापरणाऱ्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत १० आठवड्यांनी सूज वाढलेली दिसली.

बूट संध्याकाळी, मोजे घालून पारखावेत. बोटे मोकळी हलावीत, टाच निसटू नये. तळाला खोल खाचा असाव्यात. आत शिरलेले पाणी निघून जावे. आधी काही दिवस नुसते चालावे, मग धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे. ऐन शर्यतीत नवे बूट घालू नयेत.

पंजाच्या हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तरी हाडाला बारीक तडा असू शकतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी असे बूट वापरूच नयेत.